साथीदाराची पहिली तबकडी

मेट्रोचे खांब अजून उभे राहिलेले नाहीत. नदीपात्रातला रस्ता संध्याकाळच्या दुचाक्यांनी गच्च भरला आहे, मुलींनी तोंडाला स्कार्फ बांधले आहेत आणि पात्राच्या कडेला एक ढोल-ताशा पथक सरावाला जमलं आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाचा हा उत्तरार्ध. गणपती महिन्यावर आले आहेत. तुम्ही नुकते इथे उतरलात, आणि आपण पुण्यात आहोत हे कानांच्या आधी बरगड्यांना कळलं. ढोलाचा टोल छातीवर येऊन आदळतो आहे.

जरा थांबा आणि सूत्रं कुणाच्या हातात आहेत ते बघा. ढोल कितीही असोत, त्या सगळ्यांचे डोळे ताशेवाल्याकडे लागलेले आहेत. कमरेला बांधलेलं ते उथळ, छोटं वाद्य दोन काड्यांनी कडकडतं, पुढे धावतं, एक तुकडा टाकून मोकळं होतं, आणि मग टोल-थापीची सगळी फौज त्याच्या मागून येते. चाल बदलायची ती ताशाने, थांबायचं तेही ताशाच्याच इशाऱ्यावर. तालवाद्याने पुढे व्हायचं आणि बाकीच्यांनी मागून यायचं, हे पुण्याच्या रस्त्याला चांगलं ठाऊक आहे.

रस्ता सोडून सभागृहात शिरलात की मात्र चित्र उलटं होतं. मंचावर मधोमध गायक. तबलजी त्यांच्या उजव्या हाताला, थोडा तिरका, नजर सतत गायकाच्या चेहऱ्यावर. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव खाली, बारीक टायपात, ‘साथ’ या शब्दापुढे. ख्याल विलंबित असेल तर अर्धा-पाऊण तास तो ठेका धरून बसतो आणि त्याला बोलायची संधी मिळते ती समेच्या आधीच्या दोन-चार मात्रांत.

आपण ज्या तबकडीच्या मागावर निघालो आहोत ती या दोन्ही पुण्यांमधून गेलेल्या एका ड्रमरची आहे. सारथी कोरवार हे त्याचं नाव आणि ‘डे टु डे’ हे तबकडीचं. जुलै २०१६ मध्ये लंडनच्या निन्जा ट्यून कंपनीने ती काढली. वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणून ही त्याची पहिलीच. तिच्यापर्यंत सरळ जाता येतं, पण मग तिच्यात काय वाजतं आहे ते कळणार नाही. म्हणून आधी जरा मागे, आणि मग बरंच मागे जाऊ.

हा मुलगा अमेरिकेत जन्मला, अहमदाबाद आणि चेन्नईत वाढला. दहाव्या वर्षी हात तबल्यावर पडला. त्याच सुमारास जॅझवाले कॉलट्रेन आणि अहमद जमालही कानावर पडू लागले. सतराव्या वर्षी तो पुण्यात आला, कागदोपत्री पर्यावरणशास्त्र शिकायला. पण वेळ गेला तो तबल्यात, राजीव देवस्थळी यांच्याकडे. त्या शिकवणीच्या दारावर आपण टकटक करणार नाही. गुरू आणि शिष्य यांच्यात काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे. पण पुण्यात तबल्याचा रियाज ऐकायला कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. नारायण पेठेत, सदाशिव पेठेत, कर्वेनगरच्या एखाद्या सोसायटीत जिन्याच्या दुसऱ्या वळणावर उभे राहा. बंद दाराआडून येतंच.

धा धा तिट धा धा तिं ना. ता ता तिट धा धा धिं ना.

दिल्लीचा कायदा आहे हा, सगळ्यांना पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवतात तो. बराच वेळ ऐका. पहिल्या अर्ध्यात डग्गा बोलतो आहे, खालून घुमारा आहे, जमीन भरलेली आहे. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला ‘धा’चा ‘ता’ झाला आणि डग्गा एकदम गप्प. बोलांची रचना तीच, उजव्या हाताचं काम तेच, फक्त खालचा आधार काढून घेतला. ही खाली. थोड्या वेळाने डग्गा परत येतो आणि तुमच्या नकळत तुम्ही सुस्कारा टाकता. आपल्या तालात समेची वाट दाखवणारा खांब म्हणजे ही खाली, आणि ती दाखवली जाते एका वाद्याच्या गप्प राहण्याने.

आता तोच कायदा ड्रमसेटवर न्यायचा आहे. खुर्चीवर बसा. हातात काड्या घ्या, उजवा पाय मोठ्या ड्रमच्या पायट्यावर, डावा पाय हाय-हॅटवर. पहिल्याच मिनिटाला कळतं की बोटं गेली. तबल्यावर तुमच्याकडे चाट होती, लव होती, शाई होती. एकाच वीतभर पुडीवर तीन वेगळ्या जागा, प्रत्येक जागेचा सूर निराळा, आणि प्रत्येकीसाठी निराळं बोट. काडीला एकच टोक असतं. ‘ना’ची टणक किनार कुठून आणायची? झांजेच्या घुमटीवरून, किंवा स्नेअरच्या कडेवरून. ‘तिट’ स्नेअरवर दोन हातांत वाटून घ्यावं लागतं. ‘धा’साठी हात आणि पाय एकाच क्षणी पडायला हवेत, आणि पाय हा फार संथ विद्यार्थी आहे. डाव्या मनगटाला दहा वर्षांत जे कळलं ते त्याला नव्याने शिकवावं लागतं. डग्ग्यावर मनगट पुढे सरकवून जो घिस्सा काढता येतो, तो आवाजाचा गोल बाक पायट्याला कधीच जमत नाही.

पण काही हातात येतंही. झांज वाजवली की तिचा नाद रेंगाळतो, तबल्याचा बोल इतका वेळ टिकत नाही. त्या रेंगाळणाऱ्या नादाखाली तुम्ही कायद्याची बारीक वीण घालू शकता. आणि खाली तर अगदी सहज येते: पाय उचलून ठेवा, बाकी सगळं चालू राहू द्या. मोठा ड्रम थांबला की ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, मग त्याने आयुष्यात तीनताल ऐकलेला असो वा नसो. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केनी क्लार्कने लय सांभाळायचं काम मोठ्या ड्रमकडून काढून झांजेकडे दिलं आणि पायाला मधूनच बोलायची मोकळीक दिली. जॅझचं ड्रमवादन तिथून बदललं. तबल्याकडून येणारा माणूस त्याच जागी दुसऱ्या वाटेने पोचतो. खालीची सवय असलेल्या पायाला सतत वाजायची घाई नसते.

कोरवार पुण्यात हे करत होता. तबल्याचं शिकणं, ते ड्रमवर उतरवणं, आणि पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या कामात वाजवणं. त्या काळात कोरेगाव पार्कपलीकडे एबीसी फार्म्समधल्या शिशा कॅफेत ठरल्या संध्याकाळी जॅझ ऐकायला मिळायचं, कॅम्पात आणि शहरभरच्या कॉलेजांत रॉकचे बँड होते. पण जॅझचा घट्ट वृंद बांधून वर्षानुवर्षं वाजवत राहावं अशी जागा शहरात नव्हती. पुण्याने त्याला बँड दिला नाही, साथ शिकवली. माझ्या मते त्याच्या पहिल्या तबकडीची सगळी घडण त्यातूनच आली आहे. ही साथ म्हणजे काय, ते नीट बघायला हवं.

चला, शंभर वर्षं मागे.

अत्तराचा घमघमाट आहे. शालू, दागिने, पहिल्या रांगेत पगड्या. १९१३ मध्ये स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी पुण्यात मुक्कामाला आहे आणि बालगंधर्व पद म्हणायला उभे आहेत. खाली सारंगीवर कादरबक्ष. तबल्यावर अहमदजान थिरकवा. तुम्ही रंगमंचाकडे बघू नका, त्या हातांकडे बघा. पद साधं आहे, ठेकाही साधा. गंधर्व एक ओळ घोळवून दुसऱ्यांदा घेतात, तिसऱ्यांदा घेतात, प्रत्येक वेळी शब्द थोडा निराळ्या ठिकाणी ठेवतात, आणि खालचा तबला तो शब्द उतरायच्या आधीच त्याच्यासाठी जागा करून ठेवतो. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडतात ते गंधर्वांसाठी. पण हाच माणूस पुढे एकट्याचा तबला मांडून बसला की मैफल तासन्‌तास हलत नाही, आणि १९७० मध्ये त्याला पद्मभूषण मिळालं. थिरकवांकडे दोन्ही होतं. एकल वादनातलं त्यांचं वैभव ज्यांना ऐकू येतं त्यांनी हेही ऐकावं, की ते वैभव नाटकाच्या खड्ड्यात बसून, दुसऱ्याचा श्वास मोजत मोजत पिकलं होतं.

आता तबकडीतल्या दुसऱ्या धाग्यासाठी, आफ्रिकेसाठी, आणखी तीनशे वर्षं मागे. इथे फार रेंगाळायचं नाही, धूळ खूप आहे. अहमदनगरजवळ भातवडी, १६२४. मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या आहेत आणि निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे लढत आहेत, त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडतात. निजामशाहीच्या या फौजेचा सेनापती कोण? मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारामागून बाजार पालटत दख्खनला पोचलेला आणि आता निजामशाहीचा कर्ताकरविता झालेला हबशी. पुणे परगणा ज्या निजामशाहीने भोसल्यांना जहागिरीत दिला तिचा कारभार या माणसाच्या हाती होता. अशा आफ्रिकी वंशाच्या लोकांना सिद्दी म्हणतात. मराठी माणसाला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आठवतो. शत्रू म्हणूनच आठवतो. पण आफ्रिका आपल्या इतिहासात तटबंदीच्या दोन्ही बाजूंना उभी होती. आणि सगळे सिद्दी काही सरदार झाले नाहीत. बहुतेक जण खलाशी, चाकर, शिपाई, फकीर म्हणून राहिले. त्यातल्या काहींचा माग काढायला आता उत्तरेकडे जायचं आहे.

अंकलेश्वरला गाडीतून उतरा आणि राजपिपळ्याच्या रस्त्याला लागा. नर्मदेच्या दक्षिणेला, झगडिया तालुक्यात रतनपोर आहे. गावामागे टेकडी, टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा. वर चढताना पायाखाली लक्ष असू द्या, इथली माती दगडांनी भरलेली आहे. अकीक. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसाने या भागातल्या लिमोद्र्याच्या खाणींबद्दल लिहून ठेवलं आहे. खाणीतून निघालेले मळकट दगड मडक्यांत घालून आगीत भाजायचे, की त्यांच्यात लाली उतरायची. मग ते खंभातच्या कारागिरांकडे जायचे, पैलू पडायचे, भोकं पडायची, माळा व्हायच्या आणि गलबतात चढून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागायच्या. ज्या समुद्रावरून मणी गेले त्याच समुद्रावरून माणसं आली. हा अकीकाचा धंदा बावा गोर यांनीच इथे आणला असं सिद्दी सांगतात. आफ्रिकेतून आलेला हा संत, त्याचे भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिश्रा: या तिघांभोवती इथल्या सिद्दींची सगळी श्रद्धा आहे.

आता आवाज ऐका. लाकडाच्या उभ्या खोडासारखा, पायांवर उभा असलेला मुगरमान, तळहातांनी वाजवलेला. गळ्यात अडकवलेला दोन तोंडांचा मुसिंदो. नारळाच्या करवंटीत खडे भरून कापडात बांधलेला खुळखुळा, त्याचं नावच माई मिश्रा. आणि मलुंगा, धनुष्यासारखं वाद्य, एका तारेचं, पोटाला भोपळा, काडीने तार छेडायची. एक जण ओळ टाकतो, बाकीचे ती झेलून परत देतात. अल्लाचं नाव, नबीचं नाव, बावा गोर यांचं नाव. गुजराती आणि हिंदी शब्दांच्या मध्येच कुठे स्वाहिलीतला एखादा शब्द, ज्याचा अर्थ म्हणणाऱ्यालाही पुरता आठवत नाही, पण तो टाकून दिलेला नाही. हळूहळू लय चढते. धमाल म्हणतात याला, किंवा गोमा. नाचणारा नारळ उंच फेकतो आणि खाली येताना डोक्यावर झेलून फोडतो.

तुमचे मराठी कान आधी दादरा शोधतात. सहा मात्रा, तीन-तीन. सापडतो, आणि लगेच निसटतो, कारण शेजारचा हात त्याच सहांचे दोन-दोनचे गट बांधतो आहे आणि तिसऱ्या कुणाला या दोघांशी काही देणंघेणं नसल्यासारखं वाटतं. सम कुठे आहे? आपण समेवर एकत्र यायला शिकलेलो आहोत. इथे सगळे आधीपासूनच एकत्र आहेत, फक्त प्रत्येकाची पावलं निराळ्या अंतराची. पाच मिनिटांनी मोजणं सोडून द्यावं लागतं आणि मग पाय आपोआप पडू लागतो.

कोरवार इथे आला तो शिकून आलेला तबलजी आणि ड्रमर म्हणून. पुण्यानंतर तो लंडनला गेला होता. तिथे बनारस घराण्याच्या संजू सहाय यांच्याकडे तबला पुढे चालू ठेवला होता आणि सोआस या संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेतलं होतं. विषय होता हिंदुस्थानी तालाची सामग्री भारताबाहेरच्या तालवाद्यांवर कशी उतरवायची. म्हणजे पुण्याच्या खोलीतलं कामच, आता विद्यापीठाच्या शिक्क्यासह. असा माणूस रतनपोरला येतो तेव्हा त्याच्यापुढे एक सोपा रस्ता असतो: मध्ये आपला ड्रमसेट मांडायचा, सिद्दींना मागे उभं करायचं आणि आपली विद्या दाखवायची. त्याने ध्वनिमुद्रण यंत्र मांडलं. त्यांचं गाणं, त्यांचे ढोल त्यांच्याच गावात टिपले, आणि ते घेऊन तो लंडनच्या वादकांकडे गेला.

तबकडीकडे जाण्याआधी आणखी दोन थांबे. आधी न्यूयॉर्क, १९७६. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात बंद पडलेल्या कारखान्यांचे मजले आहेत. भाडं कमी, छत उंच. क्लबांनी दारं लावून घेतल्यावर जॅझवाले या माळ्यांवर वाजवू लागले आहेत. स्टीव्ह रीड नावाचा बत्तीस वर्षांचा ड्रमर आपली पहिली तबकडी काढतो आहे, ‘रिदमॅटिझम’, आल्टो सॅक्सोफोनवर आर्थर ब्लाइथ. कंपनी कुठली? त्याची स्वतःचीच, मस्टेव्हिक साऊंड. तोवर तो मोटाऊनसाठी वाजवून आला आहे, पश्चिम आफ्रिकेत वर्षं काढून आला आहे, फेला कुटीबरोबर वाजवून आला आहे, आणि व्हिएतनामच्या युद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगातही राहून आला आहे. एवढं सगळं झाल्यावर हा माणूस नेता होतो, आणि तेव्हाही त्याला स्वतःचं दुकान स्वतःच उघडावं लागतं. ड्रमरला नेता म्हणून कुणी बोलावत नाही. चिक वेब, आर्ट ब्लेकी, मॅक्स रोच अशी मोठी नावं होऊन गेली, तरीही.

रीड एप्रिल २०१० मध्ये गेला. त्याच्या नावाने जी संस्था उभी राहिली ती नव्या वादकांना हात देते, आणि ‘डे टु डे’ ही तबकडी निन्जा ट्यूनने त्याच संस्थेच्या साथीने काढली. आफ्रिकेला जाऊन आलेल्या ड्रमरच्या नावाची मदत, गुजरातेतल्या आफ्रिकेला जाऊन आलेल्या ड्रमरला मिळाली.

दुसरा थांबा आपल्या घरचा. १९८८, त्रिलोक गुर्टू यांची पहिली तबकडी ‘उस्फ्रेट’, जर्मनीच्या सीएमपी कंपनीची. मुंबईत वाढलेला हा वादक गुडघ्यावर, जवळजवळ जमिनीवर बसून ड्रम वाजवतो, शेजारी पाण्याची बादली, नाद चालू असतानाच झांज पाण्यात बुडवायची म्हणजे तिचा सूर वाकतो. डग्ग्याचा जो घिस्सा पायट्याला जमत नाही त्याची भरपाई बघा कशी केली आहे. या तबकडीत ट्रम्पेटवर डॉन चेरी आहे, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर. आणि पहिल्याच रचनेत कोण गातं? शोभा गुर्टू. बेळगावात जन्मलेल्या, कोल्हापुरात भुर्जीखाँकडे शिकलेल्या, ठुमरी-दादऱ्याच्या राणी, त्रिलोकची आई. मुलाने प्रमुख म्हणून पहिलं पाऊल टाकलं आणि पुढे आईला उभं केलं. रचनेचं नावही ‘शोभारॉक’. ही वाट आधी चालून झालेली होती, हे मला फार मोलाचं वाटतं. ठुमरीला साथ करत वाढलेला हात आणि सिद्दींना साथ करायला निघालेला हात यांच्यात अठ्ठावीस वर्षांचं अंतर आहे, आणि दोघांना नेतेपण एकाच तऱ्हेने सुचलं.

आता लंडन, जुलै २०१६. हेडफोन लावा.

सिद्दींचे गळे सगळ्यात पुढे आहेत. मागून नव्हेत, दुरून नव्हेत, कानापाशी. ओळ टाकली जाते, झेलली जाते. मग बास येतो, डोमेनिको अंगारानोचा. जुलियानो मोदारेल्लीची गिटार, अल मॅकस्वीनच्या पट्ट्या. शबाका हचिंग्ज फुंकून आत येतो आणि सिद्दींच्या ओळीला उत्तर द्यायचं की तिच्यावर छाया धरायची हे काही क्षण ठरवत नाही. वादकांत कारा स्टेसीही आहे, दक्षिण आफ्रिकेची, तिथल्या धनुष्यवाद्यांची जाणकार. रतनपोरच्या टेकडीवरचा मलुंगा आणि तिच्याकडची धनुष्यं एकाच कुळातली. शेकडो वर्षांपूर्वी समुद्राने फोडलेलं कुटुंब एका ध्वनिमुद्रणात परत जवळ आलं, आणि कुणीही तसा गाजावाजा केलेला नाही.

आणि ड्रमर? त्याला शोधा. वेळ लागेल. तो आहे, सगळीकडे आहे, पण ‘हे बघा मी’ असा तुकडा टाकून समेवर येत नाही. सिद्दींचा मुगरमान जिथे मोकळी जागा सोडतो तिथे त्याची झांज पसरते. त्यांचे ढोल भरात आले की त्याचा पाय थांबतो. पुण्याच्या जिन्यात तुम्ही ती खाली ऐकली होती, ती इथे वेगळ्या कामाला लागली आहे. डग्गा काढून घेतला की मात्रा उघड्या पडतात. इथे मोठा ड्रम काढून घेतला की दुसऱ्यांची जमीन दिसते. थिरकवा पदाखाली करत होते ते हेच.

लोकसंगीत आणि जॅझ यांची सरमिसळ आपण पुष्कळ ऐकली आहे. बहुतेक वेळा गावाकडचा गळा फोडणीपुरता असतो: सुरुवातीला एक आलाप, मध्ये थोडा ढोल, गाणाऱ्याचं नाव कुठेच नाही. या तबकडीवर रतनपोरच्या सिद्दी संचाचं नाव आहे. तेवढ्याने सगळा हिशोब चुकता होतो असं मी म्हणत नाही. लंडनच्या नामांकित कंपनीत पोचायची वाट कोरवारला मिळाली, रतनपोरच्या फकिरांना ती त्याच्यामार्फत मिळाली, आणि हा फरक एका श्रेयनामावलीने मिटत नाही. पण गाण्याच्या आत, जिथे खोटं बोलता येत नाही, तिथे कोण पुढे आहे ते स्पष्ट ऐकू येतं. एका रचनेचं नाव आहे ‘इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन’. बाहेरून आलेल्या माणसाला मुदतीशिवाय राहू देणाऱ्या ब्रिटिश परवान्याचं हे नाव. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वादकाला त्याचा अर्थ सांगायला नको. शतकानुशतकं गुजरातेत राहूनही ‘तुम्ही मूळचे कुठले’ या प्रश्नाला तोंड देणाऱ्या सिद्दींनाही नको.

दोन वर्षं पुढे चला. २०१८, लंडनच्या पूर्व भागातलं एक चर्च, ‘चर्च ऑफ साऊंड’ नावाची मैफल. वादक मध्ये, श्रोते चारी बाजूंनी. कोरवारच्या वृंदाचं नाव उपज कलेक्टिव्ह, आणि ते त्या रात्री जॅझवाल्यांनी भारताकडे बघून लिहिलेल्या रचना परत मागून घेत आहेत. पश्चिमेच्या जॅझने आपल्याकडून जे उचललं ते कुणाच्या कानांनी ऐकलं गेलं, हा प्रश्न कोरवार आता उघड विचारू लागला आहे. मग २०१९, ‘मोअर अरायव्हिंग’. या वेळी सिद्दींच्या जागी मुंबई-दिल्लीचे रॅपर आहेत. ‘मुंबय’ नावाच्या रचनेत स्वदेसी गटाचा एमसी मवाली शहराला धरून बोलतो, श्वास न घेता, गल्ल्या-रस्त्यांवरून. तालाच्या मात्रा तुम्ही मोजायला जाता आणि तो पुढच्या वळणावर गेलेला असतो. तबकडीवर नाव कोरवारचं आहे. ड्रमच्या मागे तोच आहे. पुढे मवाली बोलतो आहे, आणि त्याचं वाक्य संपायच्या आधी झांज एकदाही आडवी येत नाही.